तेविसाव्या मिनिटाला

पुन्हा तिथंच.
तेवीस मिनिटं, चौदा सेकंद.
शाळेच्या हॉलमध्ये चौकड्यांच्या स्कर्टातली मुलगी
उजवा पाय उचलते
आणि तो पाय खाली येतच नाही.

चित्र थिजलेलं, आवाज मात्र चालू:
आधी लांबलचक सूंऽऽ,
मग टक. मग मोजक्या टाळ्या. मग टक.
मला वाटलं, व्हीसीआरच्या चाकाचा दात मोडलाय.

केबल बदलली. मागच्या यूएसबीत लावली.
ड्रायव्हर काढला, घातला, जुना शोधून पुन्हा घातला.
स्पिरिट लावून हेड पुसलं, लहान मुलाचा कान पुसावा तसं.
डिस्क रिकामी केली, इंटरनेट तोडलं,
रात्री अकरा वाजता, डंडीत,
पर्थ रोडवरच्या बुटांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत,
मशीनला चक्क म्हणालो, अरे बाबा, टाक ना पाय.

कॉम्प्युटर माझं ऐकत नाही.
मी मिरजेचा, त्याला काय.

सकाळी सगळं सोडून कॅसेट सरळ जुन्या टीव्हीला जोडली.
नाच, नाच, पाय वर,
आणि पडदाभर मुंग्या.
अकरा सेकंद.
मग हिरवंगार टेबल, लाल चेंडू,
वेस्कोट घातलेला माणूस खडूला काठी घासतोय,
नव्हे, काठीला खडू.

टीव्हीला मुंग्या चालतात. तो बिचारा काहीही दाखवतो.
कॉम्प्युटरला प्रत्येक ओळीला ताल लागतो,
ताल चुकला की हातातलं शेवटचं चित्र घट्ट धरून बसतो
आणि हाक मारली तरी ओ देत नाही.

इशबेल गेडी बाई आल्या तेव्हा छत्री अजून ठिबकत होती.
त्यांना दाखवलं.
त्या म्हणाल्या, "हा बर्फ."
त्यांच्याकडे याला बर्फ म्हणतात.
मी म्हणालो, आमच्याकडे मुंग्या.
बाई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या.
"चॅनेल लागेपर्यंतचा बर्फ आहे तो.
फियोनाचा नाच पुसून
अलिस्टरनं स्नूकर टेप केलं. जून एक्क्याण्णव.
मी नऊ दिवस त्याच्याशी बोलले नाही."
मग, पर्समध्ये काहीतरी शोधत,
"दहा."

मी विचारावं की नाही, अशा बेतानं विचारलं,
मिस्टर गेडी आता...?
"खाली. गाडीत बसलाय.
पार्किंगचे पैसे द्यायला नकोत म्हणून."

शनिवारी धर्मादाय दुकानात सहा पौंडांना
एक डीव्हीडी रेकॉर्डर मिळाला, रिमोटशिवाय.
तो दोघांच्या मध्ये बसवला:
इकडून टेपचं काहीबाही ऐकून घ्यायचं,
तिकडे कॉम्प्युटरला समजेल असं सांगायचं.
प्रत्येक घरात असा एखादा मामा असतो.
तेवीस चौदा आलं.
मुंग्या आल्या.
मी श्वास धरला, मशीननं नाही.
आकडे पुढे सरकत राहिले, पंधरा, सोळा,
बधिर पायात रक्त परत येताना
मुंग्या येतात, तशा त्या आल्या, चावल्या, गेल्या.

पाय काही खाली आला नाही अर्थात.
तो टेपवर नाहीच.
तो एक्क्याण्णव सालीच पुसला गेला,
हे दुरुस्त करायची केबल मिळत नाही.

बाईंना म्हणालो, ती अकरा सेकंदं कापू?
"राहू देत," त्या म्हणाल्या, "पुरावा आहे."

पेन ड्राइव्ह घेऊन त्या निघाल्या तेवढ्यात
खालून हॉर्न, मग जिन्यावर जड पावलं,
आणि दारात धापा टाकत एक उंच म्हातारा,
टोपी हातात, बायकोकडे न बघता मला विचारतो,
"स्नूकर आलं का?"

मिरजेत टीव्ही दुरुस्तीला जायचो तेव्हा
गच्चीवर अँटेना फिरवत मीही असंच ओरडायचो, आलं का?
आणि खालून कुणीतरी, जेवता जेवता,
आलं...
आलं...
गेलं.